पहिली जुडी मालकाची

आजांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. कुठल्याही नव्या जागी पाऊल टाकलं की ते आधी पायाखाली बघत आणि मग विचारत, "ई किसके जमीन है?" ही जमीन कुणाची? कॉव्हेंट्रीच्या जुन्या कॅथीड्रलच्या पडक्या भिंतींमध्ये उभं राहून त्यांनी तिथे माहिती देणाऱ्या बाईंना हे विचारलेलं मी ऐकलं आहे. सुपरमार्केटच्या कार पार्कात ट्रॉल्या गोळा करणाऱ्या पोलिश माणसालाही त्यांनी तेच विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, मला ठाऊक नाही, मी मंगळवारपासूनच इथे आहे. आजांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, आम्ही चार पिढ्या होतो, पण आम्हीसुद्धा मंगळवारचेच.

२००४ च्या सप्टेंबरात मी शिकायला कॉव्हेंट्रीला गेले आणि फोल्सहिल रोडच्या मागच्या एका गल्लीत आजांच्या घरी माडीवरची खोली भाड्याने घेतली. आजा फिजीचे. प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर त्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी ऊस तोडायला नेलं होतं. कराराची मुदत संपली तरी पणजोबा परत आले नाहीत. आजा तिकडची हिंदी बोलत. तिच्यात आजोबांना 'आजा'च म्हणतात. आमच्या शहाद्याकडेही म्हातारी माणसं आजा म्हणतात, त्यामुळे मी पहिल्या दिवशी सहज तसं म्हटलं आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मूलबाळ नसलेल्या माणसाला मी एका शब्दात नात दिली होती, हे मला फार नंतर कळलं. त्यांची बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स होती. तिच्यामागोमाग ते सत्तरच्या दशकात इथे आले, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात राबले, आणि ती गेल्यावर एकटेच उरले.

घरमालकाला आम्ही 'मालक' म्हणतो, तसं मी एकदा म्हणून बघितलं. त्यांना ते अजिबात चाललं नाही. "मालिक नहीं, बेटी. हम भी भाड़ावाला." मला वाटलं विनय आहे. पण ते अक्षरशः खरं होतं. घराच्या विटा त्यांच्या होत्या, खालची जमीन दुसऱ्याची होती. नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर बांधलेल्या त्या गल्लीतल्या घरांपैकी ते एक. पट्टा संपायला एकोणीस वर्षं उरली होती. विलायतेतही असं असतं हे ऐकून मी थक्क झाले. मला वाटायचं, दुसऱ्याच्या जागेवर घर हा फक्त आमचाच प्रकार.

कारण आमचं घर नगरपालिकेच्या जागेवर होतं. माझे वडील, आबा, शाळेत शिपाई. दर दोन-चार वर्षांनी अतिक्रमणाची नोटीस यायची, आई ती देवाच्या फोटोमागे खोचून ठेवायची, आणि मी त्याच घरात अभ्यास करून घराण्यातली पहिली पदवीधर झाले. हे मी कॉलेजात कुणाला सांगत नसे. आजांना मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी लगेच आबांना फोन लावायला सांगितला. आमच्या भागात ऊस आहे म्हटल्यावर तर बघायलाच नको. तेव्हापासून दर रविवारी ही दोन माणसं तोडक्यामोडक्या हिंदीत उसाबद्दल बोलत. आबांकडे गुंठाभरही शेत नव्हतं, पण ते साखर कारखान्याच्या गाळपाची बातमी अशी देत, की जणू स्वतःच्याच गाड्या भरून गेल्या आहेत.

घरामागे आजांची छोटी बाग होती. मेथी, पालक, कोथिंबीर, काळ्या बियांचा घेवडा, आणि जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून केलेल्या काचघरात एक दुधीचा वेल. पण झाड एकही नाही. शेजारच्या पंजाबी काकूंनी गुलाबाचं रोप दिलं, ते त्यांनी आठ दिवस कुंडीत सांभाळून आदराने परत केलं. पट्ट्याच्या जमिनीत हंगामापुरतंच लावायचं, हा त्यांचा नियम. फिजीत लंबासा गावाजवळ त्यांच्या आज्याने शेताच्या कडेला आंबा लावला होता, तेव्हा पणजोबा म्हणाले होते म्हणे, की हा आंबा आपला नाही, फक्त सावली आपली.

जूनमध्ये पहिली मेथी तयार होई, आणि चोवीस जूनला जमिनीचं भाडं द्यायची तारीख असे. त्या दिवशी आजा दाढी करत, टाय बांधत, मेथीची पहिली जुडी ओल्या कागदात गुंडाळत आणि गावातल्या वकिलांच्या ऑफिसात चालत जात. जमिनीचे खरे मालक कोण हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वकील पाहिले होते, म्हणून जुडी वकिलांकडे. फिजीत तशी रीत होती. तिथली बहुतेक जमीन मूळच्या फिजियन कुळांची, म्हणजे तिथल्या भावक्यांची, ती विकत मिळत नाही, पट्ट्यानेच मिळते. पहिलं पीक निघालं की त्यातलं काही आणि यांगोना नावाच्या झुडपाच्या वाळल्या मुळ्यांची जुडी घेऊन कुळाच्या दारी जायचं, मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांनी पुढे ठेवायचं.

ऑफिसातल्या पॉलिन नावाच्या बाई पहिल्या वर्षी घाबरल्या. भेटवस्तू घ्यायची आम्हाला परवानगी नाही, म्हणाल्या. आजा त्यांना म्हणाले, "धिस इज नॉट गिफ्ट, मॅडम. धिस इज मॅनर्स." मी पोचले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माझ्या वेळेपर्यंत पॉलिनबाई मेथीत बटाटा घालायला शिकल्या होत्या आणि जून उजाडला की खिडकीतून रस्त्याकडे बघत.

मला हे सगळं भाबडेपणाचं वाटे. मी शिकलेली ना! मी त्यांना सांगितलं, आजा, इथे कायद्याने चालतं, भाडं बँकेतून भरा, जुडीने पट्टा वाढत नाही. ते शांतपणे म्हणाले, कायदा तिथेही होता.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत फायरप्लेसवर एक फोटो होता. उंच गवत, आणि गवतात सिमेंटच्या तीन पायऱ्या. वर काहीच नाही. मला आधी वाटलं की एखाद्या देवळाचा राहिलेला भाग असेल. ते त्यांच्या धाकट्या भावाचं, बिसेसरचं घर होतं. तीस वर्षांचा पट्टा २००१ साली संपला, जमिनीच्या मालक कुळाने तो वाढवला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी बंड झालं होतं, संसदेत लोकांना कोंडून ठेवलं होतं, आणि हा देश कुणाचा यावर सगळं बेट दुभंगलं होतं. बिसेसरने घराचे पत्रे उतरवले, फळ्या सुट्या केल्या, दारं काढली आणि सगळं उसाच्या ट्रकवर लादून शहराच्या कडेला नेलं. तिथे तो दुसऱ्या एका जागेवर, तीही त्याची नव्हे, तेच पत्रे ठोकून राहिला. पायऱ्या उचलता येण्यासारख्या नव्हत्या. त्या राहिल्या.

आजांचा पासपोर्ट अजून फिजीचाच होता. एकदा दवाखान्यात त्यांना फॉर्म भरायचा होता, मी सोबत होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कुठले? ते म्हणाले, फिजी. ती म्हणाली, म्हणजे फिजियन. आजा म्हणाले, नाही, फिजियन दुसरा माणूस. तिकडे तो शब्द मूळच्या लोकांनाच आहे. आम्ही सरकारी कागदावर इंडियन. तिने 'इंडियन'च्या चौकटीवर पेन टेकवलं. आजा म्हणाले, पण मी इंडिया पाहिलेला नाही. मागे रांग वाढत होती. शेवटी तिने विचारलं, मग काय लिहू? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, लिहा, लंबासाजवळ.

आणि तरीही दर रविवारी त्या घरात एक 'दुसरा माणूस' जेवायला येत असे. त्याचं नाव तेवीता. ब्रिटिश सैन्यात भरती झालेला, जवळच्या छावणीत असलेला सहा फूट दोन इंची फिजियन जवान. चर्चहून निघाला की मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा आणि माझ्यापेक्षा चांगल्या हिंदीत विचारायचा, "आजा, आज कौन चीज बना?" एका बैठकीत बारा रोट्या. मला तो आवडायला लागला होता, तेवढ्यात मला कळलं की तो त्याच कुळातला आहे. ज्यांनी बिसेसरचा पट्टा वाढवला नाही, त्या कुळाच्या प्रमुखाचा मुलगा.

त्या रात्री भांडी घासताना माझा राग बाहेर पडला. मी म्हणाले, ज्यांनी तुमच्या भावाला घर मोडायला लावलं त्यांच्या पोराला तुम्ही तूप वाढता? आजांनी ताट पुसून जागेवर ठेवलं.

"जमीन त्यांची होती, बेटी. त्यांनी घेतली, ती चोरी नाही. पायऱ्या आमच्या होत्या. देश कुणाचा, हे मात्र आम्हाला दोघांनाही कुणी नीट सांगितलं नाही."

मग पुढचं ताट उचलत म्हणाले, "आणि तो एवढासा असताना त्याच पायऱ्यांवर बसून बिसेसरच्या बायकोच्या हातचं खायचा. त्याची भूक मला माहीत आहे."

२००५ च्या डिसेंबरात वकिलांचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं. जमिनीचे मालक सगळी गल्ली विकणार होते. घरात राहणाऱ्यांनी आपापल्या घराखालची जमीन घ्यायची असेल तर मार्चपर्यंत कळवावं, नाहीतर ती एका कंपनीला जाईल. मला तर आनंदाने उडीच मारावीशी वाटली. आजांनी आयुष्यभर साठवलेलं होतं, तेवढ्यात भागत होतं. घर कायमचं झालं असतं, आणि त्यांच्या मागे ते बिसेसरच्या मुलीला, सुनीताला, मिळालं असतं. चार पिढ्यांत पहिल्यांदा त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी पायाखाली स्वतःची जमीन आली असती.

पण आजांनी पत्र फोटोशेजारी ठेवलं आणि त्या विषयावर बोलेनात. जानेवारी गेला. मी टेबलावर कागद मांडून त्यांना कायदा समजावला, मुदत दाखवली, ओरडलेसुद्धा. तेव्हा ते म्हणाले, की त्यांना कंपनीची भीती नाही, मालक होण्याची भीती वाटते. ज्यांची जमीन आहे ती त्यांचीच राहावी, हे ते जन्मभर मान्य करत आले होते. भावाचं घर गेलं तेव्हाही त्यांनी तेच मान्य केलं होतं. आता इंग्रजांची जमीन स्वतः विकत घ्यायची, तर मग तिकडे जे झालं ते कशाच्या आधारावर सहन केलं? याचं उत्तर माझ्या पदवीत नव्हतं.

उत्तर तेवीताने दिलं, तेही जेवताना, तोंडात घास असताना. तो सुट्टीवर घरी जाऊन आला होता. त्याने सांगितलं की बिसेसरच्या शेतात आता पेरू आणि गवत माजलं आहे, ऊस लावायला कुणीच नाही. आणि त्याचा बाप रोज संध्याकाळी त्या तीन पायऱ्यांवर जाऊन बसतो. काय करतो? काही नाही. बसतो. मग तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "घ्या, आजा. मी इथल्या राणीची बंदूक उचलतो, पण इथे माझी चटईभर जागा नाही. छावणीचा पलंगही सरकारी. आपल्या लंबासाच्या कुणाची तरी जमीन असली, तर मी तिथे बसेन."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी वकिलांना पत्र लिहिलं. आजांनी सही केली, आणि सही करायच्या आधी हात धुतले.

कागद व्हायला उन्हाळा उलटला. मधल्या काळात चोवीस जून आला, आजांनी टाय बांधला आणि जुडी घेऊन निघाले. मी म्हणाले, आता भाडं कुठलं? ते म्हणाले, जमीन विकली, माणसं थोडीच विकली. पॉलिनबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

सप्टेंबरात जमिनीचे कागद हातात आले. त्या रविवारी मी पोळ्या करत होते, तेवीताची मागच्या दाराने यायची वेळ झाली होती. घंटा वाजली ती पुढच्या दाराची. आजा म्हणाले, कोण असेल, बघ. मी दार उघडलं. तेवीता बाहेर उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला त्यांच्याकडचा लुंगीसारखा घोळदार सुलू, बूट काढून एका बाजूला ठेवलेले. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. उंबऱ्याबाहेर, ओल्या फरशीवर, तो मांडी घालून खाली बसला.

आजा बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, घरी कुणीतरी गेलं. मग त्यांना तेवीताच्या हातातलं दिसलं. वर्तमानपत्रात बांधलेली यांगोनाच्या मुळ्यांची जुडी. तेवीताने ती दोन्ही हातांनी पुढे ठेवली, ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली आणि मान खाली घालून त्यांच्या भाषेत हळू आवाजात बोलू लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आजांचं नाव, लंबासाचं नाव आणि कॉव्हेंट्रीचं नाव मला ऐकू आलं. जमिनीच्या मालकाकडे तो आत येण्याची परवानगी मागत होता. ही त्यांची रीत, सेवुसेवु. आजांनी ती चाळीस वर्षं पाळली होती, पण नेहमी त्या बाजूने. आज ते या बाजूला उभे होते.

रस्त्यावरून एक बाई बाबागाडी ढकलत गेली, थबकली, पुढे गेली. आजा गुडघे धरून हळूहळू दारातच खाली बसले. हात जुडीवर ठेवला. त्यांना देणाऱ्याचे सगळे शब्द पाठ होते, घेणाऱ्याचा एकही येत नव्हता. ते म्हणायची वेळ त्यांच्या घराण्यात कुणावरच आली नव्हती. तेवीता मान खाली घालून वाट बघत होता. मग त्याने न हलता, ओठातल्या ओठात, पहिला शब्द सुचवला. शाळेत मास्तरांच्या नकळत मित्राला सुचवावा तसा. आजांनी तो म्हणायचा प्रयत्न केला, पण तो त्यांच्या जिभेवर बसेना. शेवटी ते आपल्या हिंदीत एवढंच म्हणाले,

"भीतर आओ, बेटा. बैठो. बैठो."

तेवीताने वर पाहिलं आणि हसला. "चलेगा, आजा," म्हणाला. आणि मग, "कौन चीज बना?" आत माझी पोळी तव्यावर जळून कोळसा झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात आजांनी बागेत पेअरचं झाड लावलं. रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून ते त्याला रागावत, की सावकाश वाढ, आता घाई नाही.

मला स्लाऊला नोकरी लागली आणि मी कॉव्हेंट्री सोडलं. कोच स्टेशनवर त्यांनी मला भाजणीचा डबा दिला, जो मीच त्यांच्यासाठी केला होता, आणि आबांना नमस्कार सांगितला. २००९ च्या वसंतात ते गेले. तेवीता आणि त्याच्या पलटणीतले पाच जण त्यांना खांद्यावर घेऊन चालले आणि जाताना फिजियन भाषेतलं भजन असं भरून गायले, की रस्त्यातल्या गुरुद्वाऱ्यातून लोक बाहेर येऊन उभे राहिले. सुनीता आता त्या घरात राहते. पेअरला फळं येतात, जरा कडक असतात. पहिली टोपली ती पॉलिनबाईंकडे नेते.

त्याच वर्षाअखेर मी शहाद्यात आबांसाठी प्लॉट घेतला. सातबारा हातात आला तेव्हा आबा तो पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होते. मला मात्र सारखं ऐकू येत होतं, ई किसके जमीन है? मी तलाठ्याकडे बसून जुन्या फेरफाराच्या नोंदी काढायला लावल्या. फार मागे, शाई उडालेल्या पानावर, एका भिल्ल माणसाचं नाव निघालं. त्यानंतर कागदावर सगळे आमच्यासारखेच. आबा म्हणाले, कागद पक्के आहेत, आता कशाला उकरतेस? मी म्हणाले, उकरत नाही, आबा. फक्त जाऊन येऊ.

आबांनी कुंपणाच्या कोपऱ्यात पपई लावली होती. पुढच्या सुट्टीत मी आले तेव्हा तिला पहिली फळं धरली होती, त्यातली दोन घेऊन आम्ही नदीपलीकडच्या पाड्यावर गेलो. कागदावर ज्याचं नाव निघालं त्याचा नातू आता सत्तरीचा आहे. मी अंगणात मांडी घालून बसले, दोन्ही हातांनी पपया पुढे ठेवल्या आणि कुठल्या जमिनीतल्या आहेत ते सांगितलं. पुढचं काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. म्हाताऱ्याने एक पपई उचलली, हुंगली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाला, अजून दोन दिवस गवतात ठेवावी लागेल. मग घरातून खाट ओढून आणली आणि आबांना म्हणाला, "बसा."

आबांनी जन्म शिपाईगिरीत काढला. दुसऱ्याच्या दारात ते नेहमी उभेच राहतात. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते बसले.